केलेबचे ६८ सॅक कोणाच्या खात्यावर? क्वार्टरबॅक, लाइन आणि कॅपचा हिशेब

शिकागोची थंडी | १२ जुलै २०२५

एनएफएलचे (अमेरिकन फुटबॉल लीगचे) ट्रेनिंग कॅम्प तोंडावर आलेत, तेव्हा "आधी लाइन की आधी क्वार्टरबॅक" हा वाद इथे एकदाचा होऊनच जाऊ दे.

२०२४ च्या सीझनमध्ये आपल्या शिकागो बेअर्सचा नवखा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) केलेब विल्यम्स, त्याला ६८ वेळा सॅक केलं, म्हणजे पास सोडायच्या आधीच पाडलं. एका सीझनचा विक्रम डेव्हिड कारच्या नावावर आहे, ह्यूस्टनकडून २००२ मध्ये ७६. आपला पोरगा पहिल्याच वर्षी त्या पंगतीत जाऊन बसला. बेअर्स ५-१२. आधी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर वॉल्ड्रनना काढलं. मग थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटविरुद्ध टाइमआउट हातात असताना घड्याळ संपू दिलं आणि दुसऱ्या दिवशी हेड कोच एबरफ्लस घरी गेले.

आता डेट्रॉइटचाच बेन जॉन्सन हेड कोच म्हणून आणलाय. लाइन म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारे पाच जण: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. तिचा मधला भाग पूर्ण बदललाय: लेफ्ट गार्ड जो थूनी (कॅन्सस सिटी चीफ्सना २०२६ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांतला, चौथ्या फेरीचा पिक देऊन), राइट गार्ड जोना जॅक्सन (रॅम्सकडून, सहाव्या फेरीचा पिक देऊन), सेंटर ड्रू डॉलमन (तीन वर्षं, ४ कोटी २० लाख डॉलर).

माझं म्हणणं सरळ आहे. हे सगळं २०२४ च्या मार्चमध्ये व्हायला हवं होतं. आधी लाइन, मग क्वार्टरबॅक. बोला.

फिलीकर | १२ जुलै २०२५

+१. आमच्या फिलाडेल्फिया ईगल्सकडे बघा म्हणजे पटेल.

लेन जॉन्सन २०१३ चा चौथा पिक. जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियातला रग्बी लीगवाला, आयुष्यात फुटबॉल खेळलेला नव्हता, २०१८ मध्ये सातव्या फेरीत २३३ वा घेतला. डिकरसन आणि जर्गन्स दोघेही दुसऱ्या फेरीतले. जेसन केल्सी निवृत्त झाला तर त्याची जागा घ्यायला जर्गन्स दोन वर्षं आधीपासून घरात होता. मेकाय बेक्टन जेट्सने टॅकल म्हणून सोडून दिलेला, त्याला स्वस्तात आणून गार्ड केला. लाइनचे कोच स्टाउटलँड मास्तर, त्यांनी या सगळ्यांना घडवलं.

आता यात आमचा क्वार्टरबॅक हर्ट्स कुठे येतो बघा. २०२० चा दुसऱ्या फेरीतला ५३ वा पिक. लाइनचा पाया त्याच्या आधीच घातलेला होता. रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) सेक्वॉन बार्कलीही लाइन तयार असताना आला आणि पहिल्याच सीझनला २००५ यार्ड पळाला. तोच बार्कली जायंट्सकडे किती पळायचा ते न्यूजर्सीवाल्यांना विचारा.

लेफ्ट टॅकल | १२ जुलै २०२५

थंडी, निम्मं पटलं. ६८ पैकी सगळे लाइनच्या नावावर टाकलेत तर या वर्षी थूनी आणि डॉलमन असूनही तुम्ही इथेच रडत असाल.

सॅक हा बऱ्याच अंशी क्वार्टरबॅकचा आकडा असतो. क्वार्टरबॅक टीम बदलतो तेव्हा त्याचा सॅकचा दर बहुतेक वेळा त्याच्याबरोबर जातो. पेटन मॅनिंग इंडियानापोलिसमध्ये कमी सॅक व्हायचा, डेन्व्हरमध्येही कमीच झाला. रसेल विल्सन सिअ‍ॅटलमध्ये भरपूर, डेन्व्हरमध्येही भरपूर. लाइन वेगळी, माणूस तोच. म्हणून नुसते सॅक मोजू नका. दबाव आला अशा किती खेळ्या, आणि त्यातल्या कितींचा सॅक झाला, हे प्रमाण बघा. दबाव येणं बरंचसं लाइनवर असतं. आलेल्या दबावाचा सॅक होऊ देणं बरंचसं क्वार्टरबॅकवर.

आता टॅकलच्या बाजूने. शॉटगनमध्ये क्वार्टरबॅक स्नॅपच्या वेळी (सेंटर चेंडू मागे देतो तेव्हा) खेळी सुरू होते त्या रेषेमागे साधारण ५ यार्डांवर उभा असतो. तीन पावलं मागे घेतली की ८ यार्डांच्या आसपास. टॅकल आपली पावलं त्या जागेचा अंदाज धरूनच टाकतो. एज रशरला (टोकाकडून क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला) बाहेरून वळसा घालायला लावायचा, आणि तो वळून येईपर्यंत क्वार्टरबॅकने एक-दोन पावलं पुढे चढायचं. रशर मागून निघून जातो, टॅकलचं काम झालं.

क्वार्टरबॅक पुढे चढण्याऐवजी ११-१२ यार्ड मागे सरकला तर रशरला वळावंच लागत नाही, सरळ रेषेत धावलं की माणूस समोर. टीव्हीवर मात्र टॅकलच हरलेला दिसतो. केलेबची कॉलेजपासूनची सवय हीच आहे: मागे सरकायचं, गोल फिरायचं, बाहेर पळायचं. कॉलेजमध्ये त्याला कोणी पकडू शकत नव्हतं. इथे २६० पौंडांची माणसं त्याच्याएवढीच पळतात.

चौथा डाउन | १२ जुलै २०२५

लेफ्ट टॅकल यांनी टॅकलची बाजू मांडली, मी मधल्या भागाची मांडतो. पॉकेट (क्वार्टरबॅकभोवती लाइनने राखलेली जागा) बाहेरून कोसळलं तर पुढे चढता येतं. मधून कोसळलं तर जायला जागाच नाही. म्हणून पैसे आधी गार्ड-सेंटरवर घातले ते योग्यच झालं.

पण मधून येणाऱ्या दबावात प्रोटेक्शन कॉलचा वाटा मोठा असतो आणि तो टीव्हीवर दिसतच नाही. स्नॅपआधी सेंटर (किंवा क्वार्टरबॅक) एका लाइनबॅकरकडे (डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतल्याकडे) बोट दाखवून "माइक" ठरवतो. त्यावरून कोण कोणाला घेणार हे ठरतं. नेहमीचा प्रकार म्हणजे हाफ स्लाइड: सेंटर धरून तिघं एका बाजूच्या फटी सांभाळतात, उरलेले दोघं दुसऱ्या बाजूला आपापला माणूस घेतात, आणि रनिंग बॅक आतून बाहेर बघत उरलेला रशर उचलतो.

आता डिफेन्सने दोन लाइनबॅकर सेंटरच्या दोन्ही बाजूंच्या फटींत आणून उभे केले. येणार दोघं, एकच, की कोणीच नाही, हे स्नॅपपर्यंत कळत नाही. स्लाइड डावीकडे लावली आणि रश उजवीकडून आला तर डावीकडे तिघं लाइनमन हवा अडवत उभे राहतात आणि उजवीकडे एकट्या रनिंग बॅकवर दोघं येतात. अशा वेळी कोणताही लाइनमन आपली लढत हरलेला नसतो, तरी सॅक होतो. तो कॉलवर टाकायचा.

रात्रपाळी | १३ जुलै २०२५

पुण्यातून वाचतोय. एक शंका. अडवणारे पाच लाइनमन आणि एक बॅक, सहा जण. समोरून सात आले तर? सातवा कोणाचा?

चौथा डाउन | १३ जुलै २०२५

सातवा क्वार्टरबॅकचा. त्याला अडवायला कोणी नाही हे आधीच ठरलेलं असतं, त्याला चेंडूने हरवायचं. सात जण आले म्हणजे मागे चारच उरले, मोकळी जागा असणारच. म्हणून बहुतेक पासिंग खेळींत एक "हॉट" रिसीव्हर असतो. ब्लिट्झ (नेहमीच्या चौघांपेक्षा जास्त जण धावून येणं) दिसली की तो आपला रूट, म्हणजे ठरलेली धाव, तोडून रशर जिथून निघाला त्या मोकळ्या जागेत वळतो आणि चेंडू दीड-पावणेदोन सेकंदांत त्याच्याकडे सुटायला हवा.

घोटाळा होतो तो दोघांनी वेगळं वाचल्यामुळे. क्वार्टरबॅकला ब्लिट्झ दिसली, रिसीव्हरला नाही: चेंडू मोकळ्या जागेत, इंटरसेप्शन. रिसीव्हरला दिसली, क्वार्टरबॅकला नाही: सॅक. नवख्याकडून हे दोन्ही होतं.

आणखी एक. प्ले क्लॉक ४० सेकंदांचं असतं आणि कोचचा हेल्मेटमधला रेडिओ १५ सेकंद उरले की बंद होतो. कॉल उशिरा आला, हडल १२ सेकंदांवर फुटला, तर प्रोटेक्शन बदलायला वेळच नाही. समोर काय दिसतंय ते दिसत असूनही आहे तीच खेळी खेळावी लागते. ही कोचिंगची चूक, आणि तिचाही सॅक क्वार्टरबॅकच्याच नावावर लागतो.

बंगाली वाघ | १३ जुलै २०२५

(नावावर जाऊ नका, सिनसिनाटी बेंगल्सचा आहे.)

"आधी लाइन" वाल्यांना आमचं उदाहरण चालत नाही, म्हणून मुद्दाम देतो. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पाचवा पिक. आमचा क्वार्टरबॅक बरो, त्याचा गुडघा आदल्याच सीझनला गेलेला. सगळे ओरडत होते, पेनेई स्यूएल घ्या, टॅकल घ्या. आम्ही रिसीव्हर (पास झेलणारा) जमार चेस घेतला. बरोला त्या सीझनला ५१ सॅक पडले, लीगमध्ये सर्वांत जास्त. प्लेऑफमध्ये टायटन्सने एकाच मॅचमध्ये नऊ वेळा पाडला आणि तरी आम्ही १९-१६ जिंकलो. त्याच वर्षी सुपर बोलला पोचलो.

फिलीकर | १३ जुलै २०२५

आणि तिथे काय झालं तेही सांगा की. सात सॅक, २३-२०, आणि शेवटच्या चौथ्या डाउनला (चारपैकी शेवटच्या प्रयत्नाला) एक यार्ड हवा असताना एरन डॉनल्ड मधून थेट बरोच्या अंगावर. स्यूएलला डेट्रॉइटने सातवा घेतला. आज लीगमधला सर्वोत्तम राइट टॅकल कोण?

बंगाली वाघ | १३ जुलै २०२५

स्यूएल. आणि डेट्रॉइट अजून सुपर बोल खेळायचंय.

लेफ्ट टॅकल | १३ जुलै २०२५

😂 याला म्हणतात चौथ्या डाउनला पंट (चेंडू लाथेने लांब उडवून मोकळं होणं).

पण वाघ, तुमची खरी दुखरी नस २०२४ आहे. बरो ४९१८ यार्ड, ४३ टचडाउन. चेस १२७ कॅच, १७०८ यार्ड, १७ टचडाउन, तिन्हींत लीगमध्ये पहिला. आणि टीम ९-८, प्लेऑफच्या बाहेर. याच्यावर ऑफेन्समध्ये आणखी काय टाकणार? या मार्चमध्ये चेसला चार वर्षांचे १६.१ कोटी आणि हिगिन्सला चार वर्षांचे ११.५ कोटी दिलेत. गेल्या सीझनला १७.५ सॅक काढून लीगमध्ये पहिला आलेला तुमच्या डिफेन्सचा हेंड्रिक्सन मात्र अजून करारासाठी भांडतोय.

हिशेबनीस | १४ जुलै २०२५

पैशांचा विषय निघालाच आहे तर नीट मांडू या, कारण "आधी लाइन की आधी क्वार्टरबॅक" याचं निम्मं उत्तर कॅपमध्ये, म्हणजे टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेत आहे.

२०२५ चा कॅप प्रत्येक टीमला २७ कोटी ९२ लाख डॉलर. २०२४ ला २५ कोटी ५४ लाख होता. डॅलसचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट, त्याचा करार वर्षाला सरासरी ६ कोटींचा. उलट केलेब पहिला पिक असूनही त्याचे चार वर्षांचे मिळून सुमारे ३ कोटी ९५ लाख, म्हणजे वर्षाला एक कोटीच्या आत. २०११ पासून नवख्यांचे पगार तक्त्याने ठरतात, घासाघीस जवळजवळ नाही. पहिल्या फेरीतल्याला पाचव्या वर्षाचा पर्याय टीमच्या हातात असतो, पुढच्या फेऱ्यांतल्यांना तो नाही, आणि नवा करार तीन सीझन झाल्याशिवाय करता येत नाही. म्हणूनच हर्ट्स (दुसरी फेरी) आणि सॅन फ्रान्सिस्को नाइनर्सचा क्वार्टरबॅक पर्डी (२६२ वा, ड्राफ्टचा शेवटचा पिक) तिसरा सीझन संपताच पैसे मागायला बसले आणि दोघांनाही मिळाले. पर्डीला या मे महिन्यात पाच वर्षांचे २६.५ कोटी.

त्याच सुट्टीत नाइनर्सकडून कोण गेलं बघा: डीबो सॅम्युअल, हुफांगा, ग्रीनलॉ, वॉर्ड, गार्ड बँक्स. स्वस्त क्वार्टरबॅकची वर्षं संपली की बिल असं येतं.

म्हणून माझा क्रम: क्वार्टरबॅक ड्राफ्ट करा त्याच सुट्टीत लाइन विकत घ्या. एक वर्ष आधी घेतली तर लाइनमन म्हातारे होतात, एक वर्ष नंतर घेतली तर स्वस्त वर्ष आणि पोराची हाडं, दोन्ही वाया जातात. वॉशिंग्टनने लेफ्ट टॅकल टन्सल आणला तो क्वार्टरबॅक जेडन डॅनिएल्सचं पहिलं वर्ष संपल्यावर, म्हणजे या हिशेबाने एक वर्ष उशिराच.

रात्रपाळी | १४ जुलै २०२५

हा कॅप आयपीएलच्या पर्ससारखाच का? तिथे २०२५ ला १२० कोटी म्हणजे १२० कोटी. इथे मात्र ईगल्सकडे सगळेच महाग खेळाडू कसे काय बसतात?

हिशेबनीस | १४ जुलै २०२५

फरक तिथेच आहे. इथे खिशातून गेलेली रोकड आणि कॅपवर लिहिलेला आकडा एकाच वर्षी पडायची गरज नाही.

समजा एकाचा या वर्षीचा पगार ३ कोटी. त्यातले अडीच कोटी पगारातून काढून साइनिंग बोनस केले. खेळाडूला पैसे लगेच मिळतात, तो खूश. कॅपवर मात्र बोनस जास्तीत जास्त पाच वर्षांत सारखा वाटता येतो, वर्षाला ५० लाख. या वर्षीचा भार: उरलेला पगार ५० लाख अधिक हप्ता ५० लाख, एकूण १ कोटी. दोन कोटींची जागा मोकळी झाली. करारात पाच वर्षं उरलेली नसतील तर शेवटी नुसती कागदावरची "व्हॉइड" वर्षं जोडतात. ईगल्स या कामात पटाईत. हर्ट्सचा करार पाच वर्षांचे २५.५ कोटी, पण २०२४ मध्ये कॅपवर तो दीड कोटीच्याही आत होता.

फसतं कुठे? माणूस सोडला किंवा ट्रेड केला की न पडलेले सगळे हप्ते एकदम कॅपवर आदळतात. हाच डेड मनी. १ जूननंतरचा म्हणून सोडला तर दोन वर्षांत विभागतो. डेन्व्हरने विल्सनला २०२४ च्या मार्चमध्ये सोडलं तेव्हा साडेआठ कोटी डॉलर असे दोन वर्षांत भरले. म्हणून नियम एकच: ज्याचं वय आणि गुडघे हप्ते संपेपर्यंत टिकतील त्याचाच पगार पुढे ढकला. तिशी उलटलेल्या रिसीव्हरचा ढकलू नका.

शिकागोची थंडी | १४ जुलै २०२५

पण त्याच डेन्व्हरने तो साडेआठ कोटींचा दगड गळ्यात असताना नवखा क्वार्टरबॅक बो निक्सला बाराव्या पिकवर घेऊन १०-७ केलं आणि प्लेऑफ गाठला. म्हणजे डेड मनीने माणूस मरत नाही.

हिशेबनीस | १४ जुलै २०२५

क्वार्टरबॅक स्वस्त असेल तर नाही मरत. विल्सनच्या जागी दुसरा ५ कोटीवाला आणला असता तर मेला असता. शिवाय त्यांची लाइन चांगली होती, म्हणजे तुमचाच मुद्दा 🙂

आणि "कॅपच्या १३ टक्क्यांवर क्वार्टरबॅक गेला की सुपर बोल जिंकता येत नाही" हे वाक्य आता कोणी टाकू नका. २०२२ च्या सीझनला चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्स सुमारे १७ टक्क्यांवर होता आणि जिंकला. पण त्यासाठी त्या मार्चमध्ये रिसीव्हर टायरीक हिल पाच पिक्सच्या बदल्यात मायामीला दिला. पहिल्या फेरीचा जो पिक आला तो वापरून ड्राफ्टमध्ये वर चढून कॉर्नरबॅक मॅकडफी घेतला. पुढचे दोन्ही सुपर बोल चीफ्सचे.

चौथा डाउन | १५ जुलै २०२५

चीफ्सच्या उदाहरणातच लाइनचा मुद्दा दोनदा आलाय. २०२१ च्या फेब्रुवारीत टँपाकडून ३१-९ हरले, दोन्ही टॅकल जायबंदी होते. लगेच त्याच सुट्टीत थूनी घेतला, सेंटर हंफ्री दुसऱ्या फेरीत, गार्ड ट्रे स्मिथ सहाव्या फेरीत. दोन वर्षांत चषक. मग टॅकल पुन्हा कच्चा राहिला. २०२५ च्या फेब्रुवारीत गार्डच्या थूनीलाच लेफ्ट टॅकलला उभं करावं लागलं, म्हणजे दोन जागा कमजोर झाल्या. ईगल्सने एकदाही ब्लिट्झ केली नाही, चौघांनीच सहा सॅक काढले, मागे सात जण कव्हरेजला. ४०-२२ हा स्कोअर फसवा आहे, हाफटाइमला २४-० होतं. महोम्ससारखा दबाव चुकवणारा दुसरा नाही, आणि त्याचंही काही चाललं नाही. चौघांत दबाव आला की हॉट वगैरे काही उरत नाही, कारण मोकळी जागाच नसते.

आता डावपेच. सध्या सगळे डिफेन्स दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) मागे ठेवतात, लांब पास नको म्हणून. मग बॉक्समध्ये, म्हणजे लाइनच्या समोर, सहाच उरतात. ऑफेन्सचं ११ पर्सोनेल (एक बॅक, एक टाइट एंड, तीन रिसीव्हर) असेल तर पाच लाइनमन आणि टाइट एंड, ब्लॉकर सहा. सहाला सहा, पळा. क्वार्टरबॅक पळणारा असेल तर बाहेरच्या एंडला कोणी अडवायचंच नाही, त्याला क्वार्टरबॅक वाचतो: तो बॅककडे वळला तर चेंडू स्वतःकडे, थांबला तर बॅककडे. आता सहा ब्लॉकर पाच जणांना. बार्कलीच्या २००५ यार्डांत हर्ट्सच्या पायांचा हा वाटा आहे, नुसती लाइन नाही, फिलीकर.

फिलीकर | १५ जुलै २०२५

मान्य. आणि एक यार्ड हवा असेल तर टश पुश, क्वार्टरबॅकला मागून ढकलून पुढे रेटायचं. मे महिन्यात बंदीच्या बाजूने २२ मतं पडली, लागत होती २४. जळा.

लेफ्ट टॅकल | १५ जुलै २०२५

आरपीओबद्दल (रन की पास हे क्वार्टरबॅक खेळी सुरू झाल्यावर ठरवतो) कोणीच बोललं नाही. केलेबला ते आवडतं, पण एनएफएलमध्ये पास सुटायच्या आधी लाइनमनला रेषेपुढे एकच यार्ड जाता येतं, कॉलेजमध्ये तीन. कॉलेजातला क्वार्टरबॅक चेंडू पोटाशी धरून बघत बसतो, तेवढ्यात गार्ड दोन यार्ड पुढे, पंचाचा पिवळा रुमाल, दंड पाच यार्ड मागे.

जॉन्सनचं डेट्रॉइट त्यापेक्षा खऱ्या प्ले अ‍ॅक्शनवर जास्त चालायचं. तिथला क्वार्टरबॅक गॉफ सेंटरच्या मागे, डिफेन्सकडे पाठ, रन दाखवायचा, लाइनबॅकर दोन पावलं पुढे आले की त्यांच्या डोक्यावरून १५ यार्डांवर. गॉफ २०२४ मध्ये ७२.४ टक्के पूर्ण, ३७ टचडाउन, टीमचे ५६४ पॉइंट. गॉफ काही कोणापासून पळू शकत नाही, म्हणून चेंडू वेळेवर सुटायचा. केलेबला पळता येतं, हीच अडचण. पाठ फिरवून परत वळल्यावर मैदान पुन्हा वाचायला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो आणि तो मोठा भाग शॉटगनमध्येच खेळलेला आहे. सप्टेंबरमध्ये हे खडखडणार, ऑक्टोबरच्या आत मत बनवू नका.

शिकागोची थंडी | १५ जुलै २०२५

मग पहिल्या मॅचला नेमकं काय बघायचं ते सांगा. ८ सप्टेंबर, सोमवार रात्र, सोल्जर फील्ड, व्हायकिंग्स.

चौथा डाउन | १५ जुलै २०२५

यापेक्षा कडक परीक्षा मिळणार नाही. व्हायकिंग्सचा डिफेन्स ब्रायन फ्लोरेसचा, लीगमध्ये सर्वांत जास्त ब्लिट्झ करणाऱ्यांपैकी, आणि वर लिहिलेलं मधल्या फटींत दोघं आणून उभं करणं हा त्यांचा रोजचा उद्योग. कधी सहा जण दाखवून तिघंच येतात.

स्नॅपआधी डॉलमन बोट कोणाकडे दाखवतो आणि केलेब ते बदलतो का बघा. प्ले क्लॉकवर नजर ठेवा, रेषेवर येताना १५ च्या वर असतील तर सिस्टिम बसतेय. पास सोडताना किंवा पडताना केलेब किती यार्ड मागे आहे ते मोजा, ८-९ ठीक, ११ च्या पुढे असेल तर टॅकलला शिव्या देऊ नका. आणि तिसऱ्या डाउनला ७ पेक्षा जास्त यार्ड किती वेळा उरतात ते लिहून ठेवा, फ्लोरेसला तेवढंच हवं असतं.

रात्रपाळी | १५ जुलै २०२५

भारतात मंगळवारी पहाटे पावणेसहा. यार्ड कसे मोजायचे पण? कॅमेरा तर बाजूने असतो.

लेफ्ट टॅकल | १५ जुलै २०२५

बाजूनेच सोपं. मैदानावर दर ५ यार्डांना आडवी रेघ आहे आणि दर यार्डाला बारीक हॅश. चेंडू ३० वर ठेवलाय आणि केलेबचा मागचा पाय १९ च्या हॅशवर, तर ११.